दोऱ्याची परीक्षा

कपाट आवरायचं ठरलं तेव्हा
वैदिलुतेनं कात्री घेतली आणि मेणबत्ती.
प्रत्येक कपड्याच्या शिवणीतून एक दोरा उसवायचा,
ज्योतीवर धरायचा.
मातीला पचेल तेवढंच ठेव,
नातीनं कौनासहून बजावलं होतं.

सुती अभ्रा कागदासारखा जळला.
लोकरीचा मोजा : जळक्या केसांचा वास, चिमटीत भुगा.
आईची लिननची चादर,
आपण चटणी करतो त्याच जवसाची,
निळी फुलं सकाळपुरती उमलणाऱ्या शेतातली,
दहिवरात कुजवलेली, कुटलेली, विंचरलेली,
पन्नास हिवाळे धुऊन धुऊन मऊ झालेली.
तिची राख इतकी हलकी
की श्वासानंच उडाली.

लग्नातला ब्लाउज, रेशीम म्हणून घेतलेला,
वितळला.
"बघ, दुकानदार तेव्हाही खोटारडाच होता,"
ती मांजराला म्हणाली.

मग केस्तासची बास्केटबॉलची हिरवी जर्सी.
दोऱ्याचा झाला काळा मणी,
मोहरीएवढा. नखानं फुटेना.
हा तिच्यानंतर राहील, नातीनंतर,
कदाचित नदीनंतरही.

सतरा महिने झाले त्याला जाऊन.
सुती सदऱ्यांनी पहिल्याच धुण्यात
त्याला सोडून दिलं.
हिच्या काखेत मात्र तो अजून आहे,
घामट, कांद्याचा, हरलेल्या सामन्यांचा.

चादर तिनं पलंगावर अंथरली.
जर्सी घडी न घालताच
अभ्र्यात कोंबली, उशीच्या मागे.
नातीला फोनवर म्हणाली, झालं सगळं.

मणी अजून बशीत आहे.