सेकंदाला बारा

पहिला धडा चेंडूचा असतो.
वरून सोडायचा, खाली आपटायचा, पुन्हा वर.
मी सोडला.
तो उतरला रुईच्या म्हातारीसारखा,
जमिनीला लागला की नाही लागला
आणि तसाच तरंगत राहिला.

फोनमधला पोरगा हिंदीत सांगत होता,
वजन दिसलं पाहिजे, वजन.
मला हसू आलं.
चौदा वर्षं सावद्याला केळीच्या काट्यावर बसतोय,
दिवसाला दोन-दोन ट्रक माझ्या वहीतून जातात,
दांडा वजा, पाला वजा, किलोच्या खालचं सोडून द्या,
आणि ह्या एवढ्याशा चेंडूला
मला पावशेर देता येईना.

लॅपटॉप भुसावळहून आणलेला, दोन घरं फिरून आलेला.
एक बटण दाबलं की दोनदा उमटतं.
सॉफ्टवेअर फुकटातलं, त्याची तक्रार नाही.
पण रात्री अकराला लाईट गेली, बॅटरी आधीच मेलेली,
त्रेसष्ट चित्रं गेली.
मी अंधारात माउस धरून बसलो.

एक सोय मात्र मनापासून आवडली.
मागचं चित्र फिकट होऊन खाली दिसत राहतं,
त्याच्यावर पुढचं काढायचं.
कांद्याची साल म्हणतात तिला.
सुलोचना सकाळी डोळे बघून विचारते,
रात्रभर कांदेच सोलत होते का?

मग एका भरणीला रुबाब तडवीकडे बघत राहिलो.
नऊ वर्षं तो माझ्यासमोर घड वाहतोय
आणि मी फक्त आकडा बघत होतो.
आधी गुडघा वाकतो. मग कंबर.
खांदा सगळ्यात शेवटी कबूल करतो.
आणि तो थांबला तरी घडाच्या फण्या
क्षणभर पुढे जातात, मग मागे येतात.
वजनाला थांबायला माणसापेक्षा उशीर लागतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
त्या दिवशी दोन घडांचे आकडे चुकले.
शेठ बोलले. बोलू दे.

सेकंदाला बारा चित्रं, एका पावलाला सहा.
हातपाय काड्यांचे, डोकं म्हणजे तोच पहिला चेंडू,
खांद्यावर घड.
अकराव्या रात्री गुडघा दोन रेघा खाली नेला
आणि काट्याची सुई हलावी
तसं पडद्यावर काहीतरी हललं.
मी एकटाच ओरडलो, आलं!
सुलोचना दचकून उठली. कोण आलं?

आठ सेकंदांचा व्हिडिओ टाकला.
अकरा जणांनी पाहिला, त्यात चार वेळा मीच.

चहाच्या वेळी रुबाबला दाखवला.
त्यानं फोन लांब धरला, मग जवळ,
मग हाताचा चीक विजारीला पुसून पुन्हा लांब.
'फडकं नाही दिलं खांद्यावर.
चीक लागतो ना. डाग नाही जात.'
देतो, म्हटलं.
तो बघतच होता.
डावीकडून येतो, उजवीकडे जातो, परत डावीकडून.
'आन हा ठेवतो कधी?'
ते गोल फिरतं, मी समजावलं, लूप म्हणतात,
शेवटचं चित्र पहिल्याला जोडायचं
की कितीही वेळ चालतं,
मेहनत वाचते.
'कोनाची?' रुबाब म्हणाला,
आणि कप ठेवून ट्रककडे गेला.

फडकं सोपं गेलं. दोन रेघा, निळा रंग.
ठेवणं जमत नाहीये.
घड सुटतो तेव्हा माणूस लगेच सरळ होतो,
की पाठीला ते थोडं उशिरा कळतं?
आज चौथी रात्र.
दिवसभर तापलेले पत्रे आता कुठे निवताहेत, मधूनच कडकन वाजतात.
सतरा चित्रं झाली.
घड अजून जमिनीपासून वीतभर वर आहे.
खालून फिकट दिसतो मागचा रुबाब,
त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा,
सगळे वाकलेले.

दर पाच मिनिटांनी सेव्ह करतो.