ठराव क्रमांक चार

आगरवाड्याच्या संघाचा मी चिटणीस.
इतिवृत्तात लिहिले: सभा साडेचारला, कोरम पूर्ण.
पंख्याखालच्या खुर्च्यांवरून झालेली कुरबुर लिहिली नाही.

विषय एवढाच, की आपला कोरगूट परदेशी जातो
तो संघाच्याच शिक्क्याने जावा
की ज्याने त्याने आपापला व्यापारी गाठावा.

शाणू म्हणाला, दार मोकळे करा.
मस्कतचा माणूस फोनवर किलोमागे वीस जास्त बोलतो,
संघाचा चेक चवथ उलटली तरी वाटेतच.
टाळ्या पडल्या.
टाळ्यांना इतिवृत्तात रकाना नाही.

मग प्रेमावती उठली, पदर खोचून,
चिखलात उतरावे तशी.
बांध घातला तेव्हा
प्रत्येकाने आपले वेगळे भोक ठेवले होते काय?
मानस एकच. ओहोटीला गोडे पाणी सोडते,
भरतीला आपणहून मिटते.
आज वीस जास्त देणारा
उद्या एकेकाला गाठून चाळीस कमी देईल,
मग खारे कुणाच्या कुणग्यातून शिरले
ते शोधत बसा कंदील घेऊन.

सभा गप्प.
मलाही पटले होते,
पण चिटणीस मान हलवत नाही.

मागच्या बाकावर पिदाद आफोंस खोकला.
तीन वर्षांत तो फक्त चहा मागायला बोललेला.
म्हणाला, मानस एक, कबूल.
पण मानशीची पावणी कोण घेतो?
सुंगटांसाठी रात्री फळ्या कोण उचलतो?
गेल्या साली माझी अर्धी शेती मिठाने जळली.
दार होते की.
दाराशी जाळेही होते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले.
जाळे त्यांच्या मेव्हण्याचे.
मी लिहिले: श्री. आफोंस यांनी शंका उपस्थित केली.

बाजूने सदतीस, विरोधात सदतीस.
अध्यक्षांना जादा मत होते,
त्यांना अचानक तहान लागली.
ठराव तहकूब.

एक सभासद गैरहजर: घनो, मानशीचा राखणदार.
भरतीची वेळ म्हणून चहाआधीच उठून गेलेला.

वही काखेत धरून बांधावरून परतताना
तो दिसला, गुडघाभर पाण्यात,
फळीवर कान ठेवून.
विचारले, घनो, तुझे मत कुठले?
तो म्हणाला, खालची फळी कुजली आहे. ते लिहा आधी.

ठरावाखाली दोन ओळींची जागा होती.
उघडली वही.
शापोऱ्यावरचा उजेड मात्र
तेवढ्याला पुरला नाही.