तूर्त

डुलुथच्या कोर्टात वकीलबाईंनी
हळू आवाजात समजावलं:
आधी फौजदारी, मग दिवाणी.
ग्रॅनलंडला गप्प राहायचा हक्क आहे,
आपल्या दाव्यात त्याला बोलावं लागेल,
म्हणून आपला दावा तूर्त थांबला.

तूर्त.
तेव्हा सरोवर गोठत होतं.
त्यानंतर दोनदा वितळून पुन्हा गोठलं.

ड्वेन जिच्यावरून पडला ती परांची
पोलिसांच्या शेडमध्ये आहे,
प्रत्येक क्लॅम्पला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.
ड्वेनचे बूट माझ्याकडे. त्यांना नंबर नाही.
म्हणजे आहे, साडेदहा.

पैसे नकोत असं मी म्हणणार नाही.
छप्पर गळतं, नातीचे दात वाकडे आलेत.
पण वकीलबाईंनी काढून ठेवलेल्या चाळीस प्रश्नांत
सतरावा माझा आहे:
त्या सकाळी तो क्लॅम्प तुम्ही पाहिला होता का?

मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानातून निघताना
ग्रॅनलंडनंच माझ्यासाठी दार धरलं.
वाळलाय. काखेत बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी.
त्यानं तोंड उघडलं.
मी श्वास धरला.
"जपून," म्हणाला, "इथं घसरतं."

गाडीत बसून मी ते
खिळ्यांच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं,
तारीख घातली, वेळ घातली.
वकीलबाई म्हणाल्या, याचा उपयोग नाही.

पावती फ्रिजवर आहे.
छापलेली बाजू उडत चाललीय,
खिळे किती घेतले तेही कळत नाही.
माझी बाजू
अजून वाचता येते.