दोन बोटं

गणपतीतली उरलेली शाडू
काल रात्री परातीत थापली,
वर बोटभर पाणी, पाण्यात दगड,
लिंबाएवढा, भांडुपच्या मिठागरातला,
आणि बोंबिलांना बाजूला सारून
परात फ्रीजरमध्ये.

सकाळी हसुराम म्हात्रे आले
विजेचं बिल वाचून घ्यायला.
म्हटलं, बसा काका, गंमत दाखवते.
लांब एका वाळवंटात आटलेलं तळं आहे,
तिथले दगड चालतात.
कुणी ढकलत नाही. मागे रेघ उरते, कोसभर वाटावी अशी.
"भुताटकी," ते म्हणाले, चहा बशीत ओतत.

भुताटकी नाही.
थंडीत तिथं थोडं पाणी साचतं,
रात्रीत गोठतं पापडाइतकं पातळ.
उन्हं आली की पापड तडकतो, तरंगतो,
वारा त्याला रेटतो, तो दगडाला.
वादळ लागत नाही काका,
टेबलफॅनचा दोन नंबर पुरे.

फॅन लावला.
काही झालं नाही.
कडेनं कोमट पाणी सोडलं, थेंब थेंब.
हायवेवर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.
बर्फाच्या कडा सुटल्या,
आणि दगड
हलला म्हणवत नाही इतका हलला.
दोन बोटं.
शाडूत ओली रेघ.

काका वाकले, चष्मा कपाळावर.
चाळीस वर्षं मीठ ओढलं त्यांनी
उघड्या पायांनी;
टाचांच्या भेगा अजून बुजल्या नाहीत.

"आमचे पन दगर चालले," ते म्हणाले.
"हद्दीचे. चुना फासलेले,
बापानं रोवलेले.
एका उन्हाल्यात वीस हात सरकले खारीकडं.
बरफ नाय, पानी नाय,
वारा तर तवा पडलेला.
आनि रेघ..."
बोट परातीवर तसंच राहिलं.
"रेघ नाय ठेवली कुनी."

मी फॅनकडे वळले.
"ऱ्हाऊ दे चालू," ते म्हणाले. मग जरा वेळानं,
"त्या तल्याचा सातबारा कुनाचे नावावर हाय?"

मला माहीत नव्हतं.
बर्फ विरघळून गेला होता,
दगड आता निव्वळ ओला दगड.
टेबलावरून बिल उडालं,
फरशीवर पडलं, थांबलं, पुन्हा सरकलं
दाराच्या दिशेनं.
आम्ही दोघंही उठलो नाही.
किती लांब जातंय, बघत बसलो.