कर्ता

तिसरा तास व्याकरणाचा, चौथा इतिहासाचा,
सातवीला दोन्ही मीच.
आमच्या शाळेत मास्तर बदलत नाही,
फक्त टेबलावरचं पुस्तक बदलतं.

तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिलं :
क्रियापदाला 'कोण?' विचारा,
जो उत्तरात येईल तो कर्ता.
मांजर दूध पिते. पिणारं कोण? मांजर.
शेषराव कापूस वेचतो. वेचणारा कोण?
"त्याची बायको," मागून कोणीतरी बोललं.
वर्ग हसला. मीही हसलो.

चौथ्या तासाला पान एकाहत्तर.
वेदांत काळमेघ उभा राहून वाचत होता,
ओळीखाली बोट सरकवत :
"पूर्वी काही लोकांना
सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले जात नसे."
पुढच्या वाक्यात शिरला, थांबला,
मागे आला.
"सर, याच्यात कर्ता कोन हाये?
भरू न देनारा?"

पोराच्या मनात काही नव्हतं.
त्याला फक्त वाक्य सुटत नव्हतं.

मी म्हटलं, "कर्मणी प्रयोग आहे हा,
कर्ता इथे अध्याहृत."
अध्याहृत.
गोणपाटासारखा शब्द, काहीही झाकतो.

शेवटच्या बाकावर आम्रपाली तायडे,
एरवी प्रश्न संपायच्या आत जिचा हात वर,
पेनाचं टोपण चावत
खिडकीबाहेर बघत होती.
तिला उत्तर येत होतं.

हा खारपाणपट्टा आहे.
इथे कुठेही खणा, पाणी लागतं
आणि तोंडात घेतलं की थुंकावं लागतं.
डाळ शिजत नाही, चहा नासतो,
साबणाला फेस नाही.
अख्ख्या शिवारात एकच विहीर गोड,
पारामागची.
आता नळ आले, तिच्यावर जाळी बसली,
जाळीवर कोणीतरी मिरच्या वाळत घालतं.
त्या विहिरीच्या काठावर पहाटेपासून
हातात बैलाची तुतारी घेऊन
बसायचा उकंडराव गावंडे,
आपल्या पाळीच्या दिवशी, न चुकता.
माझा आजा.
माळकरी होता. मुंग्यांना साखर घालायचा.
हेही खरंच आहे,
आणि हेच मला कोणाला नीट सांगता येत नाही.

नाल्यापलीकडची माणसं
दोन पिढ्या खारं पाणी प्याली.
आम्रपालीचा आजा कमरेवर हात दाबत
अकोल्याच्या दवाखान्यात गेला तो गेलाच.
डॉक्टरांनी कागदावर जे कारण लिहिलं
त्यातही कर्ता नव्हता.

घंटा झाली. पोरं खिचडीला पळाली.
ताटल्या एकाच रांगेत, हे मी मान्य करतो.

तीस वर्षं मी हेच शिकवतो आहे.
पुस्तकं तीनदा बदलली, ते वाक्य टिकलं,
आणि दर वर्षी मी ते
जरा भरभर वाचलं,
कठडा नसलेल्या पुलावरून सायकल नेताना
खाली बघत नाहीत, तसं.

केंद्रप्रमुख म्हणतील, अभ्यासक्रमात नाही.
समितीचे अध्यक्ष, वेदांतचेच आजोबा, म्हणतील,
"गुर्जी, जुनं उकरून भेटते काय?"
पाणी, असं म्हणावं.
पण वेळेवर सुचणाऱ्यांतला मी नाही.

दुसऱ्या दिवशी, तिसरा तास.
फळ्यावर कालचंच वाक्य उतरवलं.
म्हटलं, आता हे कर्तरी करू.
खडूने लिहिलं : उकंडराव गावंडे.
वर्गात चुळबुळ झाली, आडनाव ओळखीचं.
पुढे लिहिलं : पाणी भरू देत
आणि हात अडला.
'नसे' लिहू की 'नसत'?
एकेरी की आदरार्थी?
शेवटी माझा आजाच तो.
खडूची भुकटी बोटांवरून
मनगटापर्यंत आली.

मागून हात वर झाला.
"सर," आम्रपाली म्हणाली,
"'नसत'च लिहा.
अनेकवचनी.
एकटे थोडीच होते थे."