दोनशे एकोणचाळीस

अंबडला, टाइम ऑफिसात बसतो मी.
कॉम्प्युटरला एवढंच शिकवून ठेवलंय:
दोनशे तिसाव्या दिवशी नाव पिवळं करायचं,
दोनशे पस्तिसाव्याला लाल.
दोनशे चाळीस त्याने अजून पाहिलेला नाही.

कायदा चांगल्या माणसांनी लिहिला असणार.
दोनशे चाळीस दिवस जो राबला
त्याला उगाच कुणी घरी बसवू नये, असं काहीतरी.
आम्ही तो नीट वाचला
आणि एक दिवस आधी थांबायला शिकलो.

हिरामण भोये, पेठकडचा, प्रेस नंबर सात.
अकुशल.
हे मीच टाइप केलंय,
ठेकेदाराच्या माणसाला त्या रकान्यात
दुसरा पर्याय उघडतच नाही.
हा अकुशल माणूस कानाने डाय ओळखतो.
'साहेब, ठोक्यात खरखर आलीय.
चारशे पीस देईल, मग फुटेल.'
चारशे बाराव्याला फुटली.
इंजिनियर म्हणाला, योगायोग.
हिरामण म्हणाला, बारा जास्तच दिले बिचारीने.

नोव्हेंबरात त्याचं नाव लाल झालं.
पत्र वगैरे नसतं, सुपरवायझर चहाच्या वेळी सांगतो.
त्याने कूलरपाशी डबा धुतला,
हातमोज्यांचे दोन जोड मोजून परत केले,
आणि विचारलं एवढंच:
सातवर कोण?

सातवर सिन्नरचा एक पोरगा,
आयटीआय झालेला, प्रशिक्षणार्थी,
मन लावून चुकणारा.

एका शनिवारी चहा येईपर्यंत
मी रिजेक्शनचा आलेख काढला. कुणी सांगितला नव्हता.
रेघ महिनोन् महिने हळूहळू उतरते,
ब्रेकच्या तारखेला ताडकन उभी राहते,
पुन्हा उतरते, पुन्हा उभी.
करवत दिसते नुसती.
कुलथे साहेबांनी बराच वेळ पाहिला कागद.
माणूस वाईट नाही.
म्हणाले, 'आहेर, हे खरंय.
पण भंगार वजनावर विकता येतं.
कायम माणसाचं काय करू?'
त्यांच्यामागे उत्पादकता सप्ताहाचा फलक होता,
एका कोपऱ्याची टेप सुटलेली.
जाता जाता मी ती दाबून बसवली.

हिरामण तेवढ्यात दिंडोरीला, द्राक्षांच्या विरळणीला.
घडात दाटी झाली की सगळेच मणी बारके राहतात,
कात्रीने मोजून काढायचे, सांगत होता.
'तिथं दिवस मोजत नाहीत, साहेब. मणी मोजतात.'

संक्रांत झाल्यावर आला.
ठेकेदार दुसरा, शर्ट तोच.
नवा नंबर, पगार पहिल्या पायरीचा,
ओळखपत्रावर 'नवीन'.
मशीनवर अंगठा ठेव म्हटलं.
उजवा लागेना,
पत्र्याने रेषाच पुसल्यात त्याच्या.
डावा ठेवला.
मशीन जरा थांबलं, मग बाईच्या आवाजात म्हणालं,
'ही नोंद आधीच अस्तित्वात आहे.'

हिरामण हसला.
'बघा, या बाईला आठवतोय मी.'

मागे अकरा जण रांगेत,
भोंग्याला चार मिनिटं.
जुनी नोंद पुसल्याशिवाय नवी घेता येत नाही.
खात्री आहे का, विचारतं ते.
दोनदा विचारतं.
मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

आतून सातचा ठोका येत होता.
हिरामणने मान थोडी कलती केली.
त्याचा पहिला दिवस अजून सुरूसुद्धा नव्हता झाला,
आणि तो म्हणाला,
'तिला आधी थांबवा.'