वरणाच्या रंगाचा

घरून निघताना ठरलं होतं :
अठ्ठावीस हजार. वर एक रुपया नाही.
श्रीरंगनं वीजबिलाच्या पाठीवर
दाराची रुंदी लिहून घेतली,
जिन्याच्या वळणाची लिहायची राहिली.

जयेंद्रगंजातल्या तिसऱ्या दुकानात
सिंघलजींनी पंखा आमच्याकडे वळवला.
बैठकर देखिए, भाभीजी, बैठकर.
मी बसले नाही.
नुसतं बसतं कोण आमच्याकडे?
आमच्याकडे उड्या मारतात,
उशा उपसून किल्ला बांधतात,
हातावर मांड टाकून दुपारभर दौडतात,
पालथं पडून गृहपाठ करतात
आणि पेनाचं टोपण
कायमचं फटीत पाठवतात.
म्हणून मी चपला काढल्या,
साडी खोचली,
गुडघ्यांवर चढून दोनदा दणकून आदळले.
आत कुठंतरी एक लाकूड कण्हलं.
हा नको.

एक पांढरा होता, सोनेरी पायांचा.
शर्वाणी त्याच्याकडे बघत राहिली,
मी तिच्या हातातल्या गजकच्या पुडीकडे.
रेक्झिन पुसायला सोपं, खरंय,
पण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात
उठताना मांडीची कातडी ठेवून घेतं.
मखमल धुळीला धरून ठेवते,
जशी माझी आत्या पाहुण्यांना.

मग रंग तरी कोणता, श्रीरंग वैतागला.
वरणाचा, मी म्हटलं.
सिंघलजींना कळेना. दाल का, दाल का.
हळद पडलेल्या, हिंग लागलेल्या.
म्हणजे सांडलं तरी
आल्यागेल्याला नक्षी वाटेल.

त्यांनी एक सोफा कुशीवर पाडला.
खालचं काळं कापड मी बोटानं उचकलं :
साल का है, चालीस का फोम.
आमच्या लग्नातला वरून असाच देखणा होता,
खाली फळांच्या पेटीच्या फळ्या,
एकीवर अजून संत्र्याचं चित्र.

आणि ओजस?
ओजस कुठाय?
गाद्यांच्या चळतीमागे,
शेवटच्या सोफ्यावर,
एक बूट पायात, एक जमिनीवर,
तोंड उघडं, झोपलेला.
रंग वरणाचा नव्हे अगदी,
जरा आमटीकडे झुकलेला.

मग तिथंच, त्याच्या उशाशी घासाघीस झाली.
चौंतीस, सिंघलजी कुजबुजले.
सत्ताईस, श्रीरंग त्याहून हळू.
आयसीयूबाहेर नातेवाईक बोलतात तसे.
भाव फारसा उतरेना,
आवाज मात्र दोघांनी उतरवला होता.
शेवटी अठ्ठावीसवर मान हलली,
श्रीरंग विजयी मुद्रेनं टेम्पो बघायला गेला.
वरचे दीड हजार
माझ्या शिवणाच्या डब्यातले होते.
हे सिंघलजींना माहीत आहे,
आणि आता तुम्हाला.

पोराला उचललं तर गालाखाली
लाळेचा रुपयाएवढा गोल.
पदर ओला करून पुसला. गेला.
खोळींना चेन आहे, काढून धुता येतात,
हे त्यांनी सांगितलं ते पैसे मोजून झाल्यावर.
फ्रेम दस साल, म्हणाले.
मी मनात वजाबाकीऐवजी बेरीज केली :
ओजस चौदाचा.
पाय हाताच्या पलीकडे लोंबत असतील,
आणि उचलून न्यायला
मी पुरी पडणार नाही.

जिन्याच्या वळणावर सोफा अडकला.
हमालांनी शिव्या दिल्या, पाय काढले,
तिरका करून, भिंतीचा चुना घेऊन
कसाबसा वर आणला.
एक बोल्ट अंधारात घरंगळला
तो खालच्या टिकेकरांच्या कुंडीपर्यंत तरी गेला असावा.
चौथ्या पायाच्या जागी सध्या
शर्वाणीची दोन गाईडं आणि एक फरशीचा तुकडा.
बरोबर मापात.
आम्ही सगळे त्या कोपऱ्यावर जपून बसतो.
ओजस सोडून.